तांबेकाकांची खुर्ची टोळी

सिताराम तांबे कुठे राहतात असं विचारलं तर आमच्या सेक्टरात कोणाला कळत नाय. खुर्चीवाले काका म्हटलं की शेंबडं पोर पण घर दाखवतं. वाशीजवळ बोनकोड्याला लागून जुन्या चार माळ्याच्या बिल्डिंगी आहेत ना, तिथे. लिफ्ट नाय. ज्यांनी तिथे पहिल्यांदा घरं घेतली ते तेव्हा जवान होते. चौथा माळा, हवा छान येते, म्हणून खूश. आता गुडघे गेलेत आणि हवा खात वरच बसलेत.

काका त्यांना खाली आणतात. दर रविवारी सकाळी दहाला, खुर्चीत बसवून. उचलतो आमी, शिकवलं त्यांनी.

मी दहावीला गणितात गेले, परत बसले, परत गेले, मग सोडलं. घरी बसून डोकं फिरायला लागलं. तेवढ्यात बुद्धविहारात एका संस्थेचा बोर्ड लागला. युवा नेतृत्व, सहा महिने समाजकाम करा, सर्टिफिकेट मिळेल. मार्कशीट मागत नव्हते म्हणून गेले. सेवा-बिवा काय डोक्यात नव्हती, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी संस्थेच्या सरांनी विचारलं, "वस्तीत काय अडचण आहे?" सगळे बोलले, कचरा. मग सगळे बोलले, झाडं. काका मागे माठातलं पाणी प्यायला आले होते. ग्लास ठेवला आणि म्हणाले, "माझ्या बाजूच्या बिल्डिंगीतली गिरजाबाई तीन वर्ष जमिनीवर उतरली नाय. ते लिवा."

सरांनी लिहिलं. पण त्यावर करायचं काय ते सरांना माहीत नव्हतं. काकांना होतं.

काका मूळचे खेडकडचे. सतराव्या वर्षी आले आणि चाळीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. गाडीतून गोणी पाठीवर घ्यायची, गाळ्यात नेऊन लावायची, परत यायचं. शेवटची बारा वर्षं टोळीचे मुकादम. आता सहासष्टचे आहेत. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, शर्ट नेहमी एका बाजूला ओघळलेला. बोलतात कमी. रखमाकाकू म्हणतात, "यांनी सगळं ओझं उचललं, फक्त बोलण्याचं माझ्यावर टाकलं."

घरातली हातवाली लाकडी खुर्ची त्यांनी आणली, पाठीला दोन आणि पुढच्या पायांना दोन, धरायला जाड पट्ट्यांचे कान बांधले. पहिले तीन रविवार माणूसच बसवला नाय. खुर्चीत कांद्याची गोणी, तिला कमरेतून ओढणी बांधलेली, आणि ती घेऊन आमी जिना वरखाली. बिल्डिंगीतली पोरं हसायची. आमच्यातलाच अश्विन तर म्हणाला, "काका, गोणीचं लग्न लावायचंय काय?"

काका म्हणाले, "गोणी ओरडत नाय म्हणून तिच्यावर शिकतात."

चौथ्या रविवारी ते स्वतः बसले. "पाडलंत तर रखमा कोणाला चाय देणार नाय."

पद्धत अशी. खाली उतरताना एक जण वर, खुर्चीची पाठ धरून. एक जण खाली, पुढचे पाय धरून. खालच्याचं तोंड खुर्चीकडे, म्हणजे तो उलटा उतरतो, त्याला पायरी दिसत नाय. म्हणून तिसरा माणूस त्याच्याही खाली चालतो. त्याला आमी आवाज म्हणायचो. आवाजाने पायाखालची वाट बघायची आणि बोलत राहायचं, पायरी, पायरी, वळण, सपाट. कोणी सायकल लावलेली, कोणाचं तुळशीचं डबडं, कोणाच्या चपला, ते सगळं आवाजाने बाजूला करायचं. माझं तोंड बंद होत नाय हे काकांनी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. म्हणून आवाज मी.

गिरजाबाईला पहिल्यांदा खाली आणलं तेव्हा मला वाटलं रडेल. ती कुठली रडतेय. खाली भाजीची गाडी होती, तिथे खुर्ची लावायला सांगितली आणि भाजीवाल्याला म्हणाली, "तीन वर्षं मला किडकी वांगी पाठवतोयस. आण इकडे टोपली." अर्धा तास वांगी निवडली. त्या दिवसापासून आमचा रविवार म्हणजे गिरजाबाईची भाजी. मग अजून तीन घरं मिळाली. संस्थेचे सर फोटो काढून न्यायचे. गिरजाबाई फोटोसाठी आधी पावडर लावायची.

आता जे झालं ते सांगते. ते माझ्यामुळे झालं.

गिरजाबाईच्या बिल्डिंगीत तिसऱ्या माळ्यावर वैजयंतीबाई राहतात. बँकेत आहेत. वाईट बाई नाय, पण त्यांच्या दाराबाहेर कायम चपलांचे सात-आठ जोड. खुर्ची यायच्या आधी मी ते भिंतीला सरकवायचे. एका रविवारी मी सरकवत होते आणि त्यांनी दार उघडलं. मला वाटलं सॉरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "अगं, उचलतेयसच तर नीट जोडीने लाव ना जरा. आणि ती लाल खाली पडलीये बघ." आणि दार लावलं.

मी लाल चप्पल उचलली, जोडीला लावली. उतरताना हात पेटल्यासारखा वाटत होता.

माझे आजोबा सांगायचे, गावात वरच्या आळीतून जाताना त्यांना चपला काढून हातात घ्याव्या लागायच्या. स्वतःच्या. त्यांचा बाप घ्यायचा, ते पण घ्यायचे. इकडे आले तेव्हा त्यांनी एकच ठरवलं, यापुढे चप्पल हातात धरायची नाय. शिवायला टाकायची तरी पायात घालून न्यायचे आणि मोच्याकडे जाऊन काढायचे. आमच्या घरी ही गोष्ट हसून सांगतात, पण हसण्याची नाय ती. त्या दिवशी घरी जाऊन मी ठरवलं, त्या बाईच्या चपलेला परत हात लावणार नाय. कोणाला बोलले नाय.

पुढच्या रविवारी वर काका, खाली अश्विन, पुढे मी. तिसऱ्या माळ्यावर चपला पसरलेल्या. मी बघितल्या, मधून पाय टाकून पुढे गेले. तोंडाने म्हटलं, "सपाट." अश्विनचा पाय लाल चपलेवर पडला, चप्पल सरकली, तो बसला. काकांनी मागे खेचली म्हणून खुर्ची उलटली नाय, पण एका बाजूला कलली आणि गिरजाबाईचा हात कठड्यावर आपटला. मनगट गेलं. काकांचा गुडघा पायरीवर आदळला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

गिरजाबाईचा मुलगा विलास सोसायटीचा सेक्रेटरी. संध्याकाळी जिन्याखालच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. वैजयंतीबाई पण होत्या. विलाससाहेब ओरडले नाय, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "तांबे, तुमच्या भावनेबद्दल शंका नाही. पण तुमचं वय झालं. हाताला कंप आहे. माझी आई तुमच्या हातातून सुटली."

काकांच्या हाताला कंप नाय. खुर्ची धरून ठेवली तीच काकांनी. मी वाट बघितली, आता बोलतील.

काका म्हणाले, "हो. चूक माझी."

"मग हे बंद करूया. निदान आमच्या बिल्डिंगीत."

"तुमी बोलवाल तेव्हा येईन. तोवर नाय येणार."

अश्विन माझ्याकडे बघत होता. मी जमिनीकडे. सगळा सेक्टर मला तोंडाळ म्हणतो, आणि त्या अर्ध्या तासात माझ्या तोंडातून एक शब्द आला नाय.

बाहेर आलो. काका लंगडत चालले होते. मी मागे गेले. म्हटलं, "काका, चपला होत्या."

"माहीत हाय. अश्विन पडला तेव्हा वरून दिसल्या."

"मग आत बोलला का नाय?"

ते कट्ट्यावर बसले, गुडघा सरळ केला. मग मार्केटचं सांगायला लागले. त्यांच्या टोळीत पहाटे गाडी लागली की मुकादम पहिला अनवाणी चालायचा, गाडीपासून गाळ्यापर्यंत. सडका कांदा, पात, साल, पायाला जे लागेल ते बाजूला. कारण पाठीवर गोणी असली की खाली दिसत नाय. गोणी पडली तर ज्याच्या पाठीवरून पडली त्याला कोण विचारायचं नाय. मुकादमाला विचारायचे, आज चाललास काय? "मी आज चाललो नाय," काका म्हणाले. "तुझ्यावर टाकलं आणि वर जाऊन खुर्ची धरली. म्हणून माझी चूक. उगाच मोठेपणा नाय करत."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. लाल चप्पल, आजोबा, सगळं. मला वाटलं आता म्हणतील, सेवा करताना असं मनात आणायचं नसतं. संस्थेचे सर हेच म्हणाले असते.

काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "नाय उचलल्यास ते बरोबर केलंस."

मला कळेचना. "मग चुकलं काय?"

"ओलांडल्यास. ते चुकलं. तुला उचलायच्या नव्हत्या तर थांबा बोलायचं. खुर्ची तिथंच थांबली असती. ज्याच्या चपला त्याला बाहेर बोलवायचं. आवाज तुझ्याकडे होता ना. तू तो तुझ्या रागाला दिलास, अश्विनला नाय दिलास."

एवढं बोलून उठले आणि घरी गेले.

पुढचे तीन रविवार काका आलेच नाय. गिरजाबाईच्या बिल्डिंगीत नाय आणि दुसऱ्या पण नाय. म्हणाले, एका ठिकाणी नको म्हटलंय, ते हो म्हणेपर्यंत मी खुर्चीला हात लावणार नाय. आमी त्यांच्याशिवाय दुसऱ्या बिल्डिंगीतल्या एका आजोबांना आणायला गेलो. दुसऱ्या माळ्यावरच अश्विन थांबला, त्याचा पाय पुढे पडेना. परत वर नेऊन ठेवलं. आजोबा म्हणाले, "राहू दे रे, पुढच्या वेळी." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

संस्थेचे सर म्हणाले, रिस्क आहे, प्रोजेक्ट बदलूया, खाडीच्या बाजूला झाडं लावू. पोरांना पटलं. झाड पडलं तर कोण मिटिंग बोलावत नाय. मला दिसत होतं, अजून दोन रविवार गेले की टोळी संपली. आणि काकांचं नाव सेक्टरात कायमचं राहणार, म्हातारीला पाडलेले काका. ते नाव माझं होतं आणि ते बिनतक्रार घेऊन घरात बसले होते.

बुधवारी संध्याकाळी मी चौथ्या माळ्यावर गेले. विलाससाहेबांनी दार उघडलं. आतमध्ये गिरजाबाई, हात प्लास्टरमध्ये. मी चप्पल बाहेर काढली आणि उंबऱ्यातच बोलून टाकलं. "काकांच्या हातून सुटली नाय. पायाखालची वाट मी बघायची होती. चपला दिसल्या होत्या. मी सांगितलं नाय."

"दिसल्या होत्या?" विलाससाहेब म्हणाले. "म्हणजे मुद्दाम?"

"पाडायचं म्हणून नाय. पण माहीत असून गेले."

"का?"

ते सांगताना जास्त त्रास झाला. चाळिशीतला सायबासारखा माणूस समोर उभा आणि त्याला आपल्या आजोबांच्या चपलेचं सांगायचं. पण सांगितलं. काटछाट न करता. लाल चप्पल पण सांगितली.

विलाससाहेब दाराला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "मी पोलिसात तुझी तक्रार करू शकतो, माहितीये?"

"करा. पण काकांना बोलवा."

आतून गिरजाबाई म्हणाली, "चपला कोणाच्या होत्या?"

"आई, तो विषय नाहीये."

"तोच विषय आहे. सात जणांच्या चपला मधल्या वाटेत आणि हात माझा मोडला. आणि तू बोललास कोणाला, तर त्या तांब्यांना." मग मला म्हणाली, "तू पण काय कमी नाहीस. मला सांगायचं होतंस, मी वरून हाक मारली असती तिला. माझा आवाज खालपर्यंत जातो."

"तुमी खुर्चीत होता."

"खुर्चीत होते, मुकी नव्हते."

विलाससाहेब खाली बसले. हळू बोलले. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, त्यांना उचलता येत नाय. रोज ऑफिसातून येताना जिन्यावर त्यांना आई दिसते, पडताना. "मला भीती वाटते," म्हणाले. "एवढंच आहे." त्यांच्यावर मी तीन आठवडे चिडून होते. त्या वेळी नाय चिडता आलं.

गिरजाबाई म्हणाली, "भीती तुला वाटते आणि घरात बसते मी."

विलाससाहेब शेवटी हो म्हणाले. हे काकांना सांगायला गेले तर ते खूश व्हायचं सोडून भडकले. काकांना भडकलेलं मी तेव्हाच बघितलं. "तुला कोणी सांगितलं जायला? टोळीचं मुकादम बघतो. माझं ते माझ्यावर राहू द्यायचं होतंस."

"का पण? मी काय गोणी आहे? टोळीत मी पण हाय ना. मग माझं मला उचलू द्या की."

रखमाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "न्या गं यांना. तीन आठवडे घरात बसून मला कांदा कसा चिरायचा ते शिकवतायत. चाळीस वर्ष उचललाय, चिरला कधी नाय."

काका हसले नाय, पण म्हणाले, "विलासरावांनी बोलवलंय?"

"स्वतः येणारेत उद्या."

"मग एक काम तू करायचं. शनिवारी."

शनिवारी मी गिरजाबाईच्या बिल्डिंगीतल्या सगळ्या दारांवर गेले. एकेक बेल. "उद्या दहा वाजता खुर्ची उतरणार आहे. दहाच्या आधी तुमच्या दारासमोरचं तुमी आत घ्या. आमी हात लावणार नाय." काकांनी मला हेच तीन वेळा म्हणायला लावलं होतं, शेवटचं वाक्य पण. पहिल्या माळ्यावरच्या एका माणसाने विचारलं, हा नवीन रूल सोसायटीचा का? मी म्हटलं, नाय, माणसाचा. दुसऱ्या माळ्यावरच्या बाईने सायकल तेव्हाच आत ओढली आणि पोराला दोन शिव्या घातल्या. तिसऱ्या माळ्यावर वैजयंतीबाईंनी दार उघडलं. त्यांना कळलं होतं सगळं, बिल्डिंगीत काय लपतं. मी वाक्य म्हटलं. शेवटचं जरा जोरात झालं. त्या म्हणाल्या, "बघू," आणि दार लावलं.

रविवारी काका पावणेदहाला आले. चपला खाली काढल्या आणि चौथ्या माळ्यापर्यंत अनवाणी चढले, लंगडत, कठड्याला हात न लावता. परत उतरले. परत चढले. मी विचारलं, "तिसऱ्यावर?"

"तू बघशील."

गिरजाबाईला बसवलं, ओढणी बांधली. प्लास्टरचा हात छातीशी. वर काका, खाली अश्विन, पुढे मी. विलाससाहेब सगळ्यांच्या मागे, त्यांना राहवेना. पायरी, पायरी, वळण. तिसऱ्या माळ्याच्या वरच्या पायऱ्यांवरून मला दिसलं. बाकीच्या तीन दारांसमोर फरशी मोकळी. वैजयंतीबाईंच्या दारासमोर दोन जोड.

मी म्हटलं, "थांबा."

खुर्ची हवेत थांबली. काकांनी खुर्चीची पाठ मांडीवर घेतली, अश्विनने पुढचे पाय पायरीवर टेकवले आणि धरून राहिला. मी जाऊन बेल वाजवली. कोण नाय. आतमध्ये मिक्सर चालू होता. परत वाजवली.

"संघे, लवकर," अश्विन मला म्हणाला. त्याच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या.

विलाससाहेब बाजूने उतरायला लागले. "मी सरकवतो ना, दोन सेकंदांचं काम आहे."

"तुमी नको," काका म्हणाले. विलाससाहेब थांबले.

मी तिसऱ्यांदा बेल दाबली आणि बोट काढलंच नाय. माझ्या एका शब्दावर तीन माणसं आणि एक म्हातारी जिन्यात लटकली होती. त्या चपला पायाने ढकलल्या असत्या तर संपलं असतं. खरं सांगते, पाय उचलला पण होता. वर बघितलं. काका काय खुणावत नव्हते, फक्त खुर्ची धरून उभे होते. ते अजून पाच मिनिटं उभे राहिले असते आणि दहा पण. मी पाय खाली ठेवला.

दार उघडलं. वैजयंतीबाई, हाताला पीठ. त्यांनी मला बघितलं, मग वर, खुर्ची, गिरजाबाई, काका, विलाससाहेब. कोण काय बोललं नाय. गिरजाबाई पण नाय, आणि तिच्यासाठी ते सोपं नसणार.

वैजयंतीबाईंनी हात गाऊनला पुसले, वाकल्या, दोन्ही जोड उचलून आत नेले. परत आल्या आणि दार उघडं ठेवून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "सपाट." अश्विन आला, खुर्ची आली, काका आले. गिरजाबाईचं लुगडं त्यांच्या दाराला घासून गेलं.

आमी पुढच्या वळणावर होतो तेव्हा मागून वैजयंतीबाईंचा आवाज आला.

"अगं, ऐक. परत वर कधी नेणार?"

मी मागे न बघता म्हटलं, "साडेअकरा."

"बारा सांग तिला," गिरजाबाई खुर्चीतून म्हणाली. "महिनाभराची भाजी बघायचीय मला."